पेशवाई अंगरखा कसा बेतावा?

स्नेहसंमेलन जवळ आलें कीं मुलांना पेशवे व सरदार होण्याची हौस सुटते आणि पालकांच्या घरीं शिवणाची धांदल उडते. अशाच एका वर्षीं आमची मोठी फजिती झाली. नाना फडणिसांची भूमिका करणारा मुलगा मुजऱ्यासाठीं हात उचलतो न उचलतो तोंच त्याचा अंगरखा काखेंत टर्रकन् फाटला व सभागृहांत हंशा पिकला. त्याच्या आईनें घरखर्चांतून पैसे वांचवून तें कापड आणिलें होतें. दोष तिच्या शिवणीचा नव्हता. शर्टाचा कागदी नमुना देऊन "हाच जरा लांब कापा" असें आम्हींच तिला सांगितलें होतें.

शर्टाची बाही खांद्यापाशीं गोल कापून बसवितात. जुना अंगरखा निराळ्याच युक्तीनें बेतीत असत. बाही अंगाच्या कापडाला सरळ जोडावयाची व काखेंत एक चौकोनी तुकडा घालावयाचा. त्यास चौबगला म्हणतात. तो कर्णावर दुमडलेला असतो, म्हणून हात वर गेला कीं उलगडतो आणि शिवणीवर ताण येत नाहीं. खालचा घेर तिरप्या कळ्यांचा. एका लांबट तुकड्यांतून दोन कळ्या उलटसुलट निघतात, चिंधी वायां जात नाहीं. ज्या नमुन्यांत चौबगला व कळ्या नाहींत तो, त्यावर "ऐतिहासिक" असें कितीही मोठ्या अक्षरांत छापिलेलें असो, घेऊं नये.

नमुना निवडण्यापूर्वीं काळ ठरवावा. सवाई माधवरावांच्या वेळचा पोशाख हवा असल्यास उत्तम आधार आहे. जेम्स वेल्स या चित्रकारानें पुण्यास राहून पेशवे व नाना यांस समोर बसवून चित्रें काढिलीं. १७९० च्या तहाचें दरबारचित्र टॉमस डॅनियल यानें १८०५ सालीं पुरें केलें, तेंही वेल्सच्याच रेखाटनांवरून. गळा कसा, घेर कोठवर, बंद कोणत्या बगलेखालीं, हें त्यांत पाहावें. मात्र छापतांना चित्र कधीं कधीं उलटें होतें. तलवार उजव्या कुशीस दिसली तर शंका घ्यावी! जुनीं वस्त्रें प्रत्यक्ष पाहावयाचीं तर शुक्रवार पेठेंतील राजा दिनकर केळकर संग्रहालयांत जावें.

पगडीविषयीं एकच सांगतों. ज्या पगडीस आपण पुणेरी म्हणतों ती न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील. ती नानांच्या मस्तकीं ठेवूं नये.

छाती ३० इंच भरल्यास ४ इंच सैल धरून ३४ चा हिशेब करावा. मुलासाठीं ४ इंचांचा चौबगला पुरतो. शिवणीची दाब निराळी सोडावी. प्रथम जुन्या धोतराचा अंगरखा टांचून मुलास घालावा व हात वर करावयास सांगावें. पेशवाई १८१८ सालीं संपली आणि सिंगरच्या शिवणयंत्रास पेटंट मिळालें तें १८५१ सालीं. म्हणून आंतल्या शिवणी खुशाल यंत्रावर माराव्या, पण दिसणारे कांठ हातानेंच घालावे.

त्या फाटलेल्या अंगरख्याची बगल उसवून आम्हीं मांजरपाटाचा चौबगला बसविला. रंग किंचित् निराळा दिसतो खरा. पण पुढल्या वर्षीं तोच अंगरखा घालून दुसऱ्या एका मुलानें तीन वेळां मुजरा केला.