एक देश, दोन घड्याळे : किन्शासा आणि लुबुंबाशी

पृथ्वी स्वतःभोवतीची एक फेरी २४ तासांत पूर्ण करते. त्यामुळे दर एक रेखांशामागे स्थानिक सौरवेळेत चार मिनिटांचा फरक पडतो. या साध्या हिशेबावर जगातील प्रमाणवेळांची व्यवस्था उभी आहे. तथापि कोणत्या प्रदेशाने कोणती वेळ पाळावी, हा निर्णय राज्यव्यवस्थेचा असतो. मध्य आफ्रिकेतील काँगो लोकशाही प्रजासत्ताकाची दोन शहरे या दृष्टीने अभ्यासनीय आहेत.

राजधानी किन्शासा सुमारे १५ पूर्व रेखांशावर, तर आग्नेयेकडील लुबुंबाशी सुमारे २७ पूर्व रेखांशावर वसलेले आहे. दोहोंच्या सौरवेळेत सुमारे ४९ मिनिटांचे अंतर पडते. देशाच्या पश्चिम भागात ग्रीनिचपेक्षा एक तास पुढची, तर पूर्व भागात दोन तास पुढची वेळ पाळली जाते. लुबुंबाशीत सकाळचे आठ वाजतात, तेव्हा राजधानीत सातच वाजलेले असतात. दोन्ही ठिकाणचे घड्याळ सूर्याशी बरेच जुळते. याउलट भारताचा रेखांशविस्तार काँगोपेक्षा अधिक असूनही सर्व देशात एकच प्रमाणवेळ आहे. आसामच्या चहामळ्यांत मात्र तासभर पुढची ‘बागान वेळ’ रूढ आहे.

घड्याळाप्रमाणेच या शहरांची प्रकृतीही भिन्न आहे. किन्शासा हे काँगो नदीकाठचे, समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवरील उष्ण व दमट शहर. पैलतीरावर ब्राझाव्हिल ही दुसऱ्या काँगोची राजधानी दिसते. येथे लिंगाला भाषा प्रचलित आहे. लुबुंबाशी सुमारे १,२०० मीटर उंचीच्या पठारावर असल्याने तेथील हवा तुलनेने थंड आहे. तेथे स्वाहिली बोलली जाते. पहिल्या शहराचे जीवन नदी आणि राज्यकारभार यांवर, तर दुसऱ्याचे तांब्याच्या खाणींवर पोसले गेले.

या भेदाला दळणवळणाने अधिक धार आणली. किन्शासाच्या खाली नदीत धबधबे असल्यामुळे १८९८ मध्ये मातादी बंदरापर्यंत लोहमार्ग पूर्ण करण्यात आला. लुबुंबाशीला मात्र १९१० मध्ये पहिली आगगाडी आली ती दक्षिणेकडून, ऱ्होडेशियातून. पुढे १९३१ मध्ये अंगोलातील लोबितो बंदराचा मार्गही खुला झाला. देशांतर्गत मार्गाने तांबे न्यावयाचे तर ते आगगाडीतून नदीवरील बोटीत आणि बोटीतून पुन्हा आगगाडीत चढवावे लागे. साहजिकच या प्रदेशाचे तोंड राजधानीकडे न राहता परदेशी बंदरांकडे वळले.

या दुराव्याची किंमत स्वातंत्र्यानंतर लगेच मोजावी लागली. ३० जून १९६० रोजी देश स्वतंत्र झाला आणि ११ जुलै रोजी मोईझ त्शोंबे यांनी खनिजसमृद्ध कटांगा प्रांत वेगळा झाल्याची घोषणा केली. पंतप्रधान पात्रीस लुमुंबा यांची १७ जानेवारी १९६१ रोजी याच प्रांतात हत्या झाली. संयुक्त राष्ट्रांच्या सेनेत भारतीय जवानही होते. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथव्हिल येथे, म्हणजेच आजच्या लुबुंबाशीत, वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. कटांग्याची फुटीरता जानेवारी १९६३ मध्ये संपुष्टात आली. पुढे २०१५ मध्ये या प्रांताचे चार भाग करण्यात आले व लुबुंबाशी हे त्यांपैकी वरच्या कटांग्याचे मुख्य ठिकाण झाले.

सारांश, घड्याळातील एका तासाचे अंतर साध्या वजाबाकीने मिटते. त्यामुळे देश दुभंगत नाही. एका प्रदेशाची संपत्ती बाहेर नेणारे मार्ग सुलभ आणि देशाला आतून जोडणारे मार्ग दुर्गम असले, म्हणजे निर्माण होणारे अंतर मात्र कोणत्याही प्रमाणवेळेने भरून निघत नाही.