इंग्रजीचा कोपरा : एक शब्द, अनेक कामे – ‘पास’



‘पास’ हा शब्द ठाऊक नाही असा एकही मुलगा किंवा मुलगी आपल्या शाळेत सापडणार नाही. पहिलीतल्या पोरालासुद्धा विचारा. तो म्हणेल, “पास म्हणजे वरच्या वर्गात जाणं.” उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच बरं का! हाच शब्द एस.टी.त आहे, ग्रामसभेत आहे, मैदानावर आहे, नकाशात आहे आणि घड्याळातही आहे. एकच माणूस घरी बाबा, शेतात शेतकरी आणि भजनात पखवाजवाला असतो ना? तसंच या शब्दाचं आहे. चला, आज त्याची नीट ओळख करून घेऊ.

शब्दाचे मूळ

फार पूर्वी लॅटिन भाषेत ‘पासुस’ असा शब्द होता. त्याचा अर्थ पाऊल. तो फ्रेंच भाषेत गेला आणि तिथून इंग्रजीत आला. पाऊल टाकलं की माणूस पुढे जातो, काहीतरी ओलांडतो. म्हणून ‘पास’ म्हणजे पुढे जाणे, ओलांडणे. एवढी एक किल्ली हातात ठेवा. बाकीची कुलपं तिनंच उघडतील.

रोजची वाक्ये पाहू या

१) “माझा एस.टी.चा पास संपला.” इथे पास म्हणजे जाऊ देण्याचा परवाना. खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेला जाण्यासाठी एस.टी.चा पास मोफत मिळतो. त्या योजनेला अहिल्याबाई होळकरांचं नाव आहे. परदेशी जाताना लागतो तो पासपोर्ट. त्यातही हाच ‘पास’ बसलेला आहे.

२) “पास दे, पास दे!” फुटबॉल खेळताना आपण ओरडतो. इथे पास म्हणजे चेंडू आपल्याकडून दुसऱ्याकडे जाऊ देणे. जेवताना इंग्रजी बोलणारी माणसं म्हणतात, “पास द सॉल्ट, प्लीज.” म्हणजे मीठ जरा इकडे द्या. मिठाची परीक्षा घ्यायची नाही!

३) “ग्रामसभेत पाण्याचा ठराव पास झाला.” म्हणजे मंजूर झाला. संसदेत कायदाही असाच पास होतो.

४) “जीप कुठल्या पासिंगची?” “एम.एच. १६.” नवी गाडी आर.टी.ओ.कडे पास होते, नंबर मिळतो, त्यावरून आपण ‘पासिंग’ म्हणतो. ही आपल्याकडची बोली झाली. इंग्रजी पुस्तकात ‘अ पासिंग जीप’ असं आलं तर त्याचा अर्थ वेगळा : रस्त्यानं जाणारी जीप. तिथे नंबराचा काही संबंध नाही.

५) ‘खैबर पास’, ‘नथुला पास’. इंग्रजी नकाशात डोंगराजवळ असं लिहिलेलं दिसेल. इथे पास म्हणजे खिंड. डोंगर ओलांडायला जिथून पाऊल टाकता येतं ती जागा. सिक्कीममधल्या नथुला या नावातल्या ‘ला’ चा अर्थच तिबेटी भाषेत खिंड असा आहे. १६६० साली बाजीप्रभूंनी जी लढवली ती पावनखिंड इंग्रजीत सांगायची झाली, तर तिच्यासाठीही ‘पास’ हाच शब्द लागेल.

६) “इट इज हाफ पास्ट टेन.” म्हणजे साडेदहा वाजले. हा ‘पास्ट’ शब्द ‘पास’ मधूनच निघालेला आहे. दहा ओलांडून अर्धा तास झाला, असा त्याचा भाव. व्याकरणात भूतकाळाला ‘पास्ट टेन्स’ म्हणतात. का म्हणत असतील? जो काळ आपल्यापुढून निघून गेला तो पास्ट.

७) “हर ग्रँडफादर पास्ड अवे.” आता इथे सांभाळा! तिचे आजोबा परीक्षेत पास झाले असं कुणी लिहिलं, तर हसू येईल आणि ज्याच्या घरी दुःख आहे त्याला वाईटही वाटेल. याचा अर्थ, आजोबा वारले. आपणही ‘वारले’ म्हणायला जीभ रेटत नाही तेव्हा “आजोबा गेले” असंच म्हणतो ना? इंग्रजीतही तीच रीत आहे.

अर्थ ओळखावा कसा?

पुष्कळ मुलं ‘पास = उत्तीर्ण’ असं वहीत लिहून पाठ करतात आणि पेपरात दुसरंच वाक्य आलं की गोंधळतात. चूक पाठांतराची नाही. एकाच अर्थावर थांबण्याची आहे. शब्द एकटा कधी येत नाही. त्याचे शेजारी पाहा.

शेजारी ‘एक्झाम’ असेल तर उत्तीर्ण होणे. शेजारी ‘बस’ असेल तर परवाना. ‘बॉल’ असेल तर दुसऱ्याकडे देणे. ‘अवे’ असेल तर निधन. ‘बिल’ असेल तर मंजुरी.

पण शेजारी पाहूनही घाई करू नका. ‘शी हॅज अ बस पास’ आणि ‘द बस पासेस अवर स्कूल’ या दोन्ही वाक्यांत बस आहे. पहिल्यात ‘अ’ आहे, म्हणजे पास ही एक वस्तू आहे. ते नाम झालं. दुसऱ्यात बस काहीतरी करते, शाळेवरून जाते. ते क्रियापद झालं. म्हणून आधी विचारा : ही वस्तू आहे की क्रिया? मग शेजारी पाहा. मग अर्थ लिहा.

आणि ‘नापास’?

हा शब्द इंग्रजी डिक्शनरीत शोधू नका, मिळणार नाही. इंग्रजीत त्याला ‘फेल’ म्हणतात. ‘नापास’ मधला ‘ना’ फारसी आहे; नाराज, नापसंत यांतला. त्याला इंग्रजी ‘पास’ जोडला आणि आपल्याकडचा शब्द तयार झाला.

आता गंमत पाहा. आपल्या निकालपत्रकातला ‘उत्तीर्ण’ हा शब्द संस्कृत आहे. त्याचा मूळ अर्थ तरून पलीकडे गेलेला. म्हणजे ‘पास’ आणि ‘उत्तीर्ण’ या दोन दूरच्या भाषांतल्या शब्दांच्या पोटात एकच गोष्ट आहे : ओलांडणे. मग नापास म्हणजे काय? ढ? नालायक? मुळीच नाही. नापास म्हणजे अजून ओलांडायचे आहे, एवढेच. ओढ्याच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाला आपण वाईट म्हणत नाही. पाणी उतरण्याची वाट पाहतो किंवा हात देतो.

कायदाही हेच सांगतो. २०१९ साली संसदेत शिक्षण हक्क कायद्याची दुरुस्ती पास झाली. तिच्यात पाचवी आणि आठवीला वर्षाच्या शेवटी परीक्षा ठेवली आहे. पण जो मुलगा पास होणार नाही त्याला जादा शिकवायचे आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी द्यायची, असंही तिच्यात लिहिलं आहे. पाहा, कायदाही पास होतो आणि मुलगाही पास होतो; शब्द तोच, काम वेगळं!

म्हणून वर्गात कुणाला ‘नापास’ म्हणून चिडवू नका. त्याच्या वहीतलं अडलेलं गणित बघा आणि पुढचं एक पाऊल दाखवा. शब्दाचं मूळच पाऊल आहे, हे आता तुम्हांला ठाऊक झालं आहे.

स्वाध्याय

अ) पुढील वाक्यांचा मराठीत अर्थ लिहा. ‘पास’ ही वस्तू आहे की क्रिया, तेही लिहा.
१. प्लीज पास मी द चॉक.
२. द रिव्हर पासेस अवर व्हिलेज.
३. द पास इज फुल ऑफ स्नो.
४. माय सिस्टर पास्ड द एक्झाम.

आ) ‘इट इज क्वार्टर पास्ट फोर’ म्हणजे किती वाजले? घड्याळाचे चित्र काढून काटे दाखवा.

इ) पासबुक, बायपास, पासवर्ड, टाइमपास. या चार शब्दांत जाणे किंवा ओलांडणे कुठे दडले आहे? घरी मोठ्यांना विचारून दोन-दोन ओळी लिहा.

ई) ‘लाइन’ हा शब्द घ्या. दुकानातली लाइन, वहीतली लाइन, विजेची लाइन, रेल्वेची लाइन. आणखी वाक्ये गोळा करा. सर्वांत जास्त वाक्ये आणणाऱ्याची वही पुढच्या महिन्यात या फलकावर लागेल.