पूर कृष्णेचा, गणित समांतर संगणनाचं

कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि तेच पाणी पुढे सांगलीत येतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ धोक्याची ४५ फुटांची खूण ओलांडून ते ५७ फुटांवर गेलं.

अशा पुराचं गणित मांडताना मी खोऱ्याचे १०,००० × १०,००० चौकोन धरतो. चौकोनाला ४ बाइट, म्हणजे एक नकाशा ४०० मेगाबाइटचा. तासाला एक असे ७२ नकाशे २ मेगाबिटच्या लाइनवर उतरवायला ३२ तास लागतील. तोवर पाणी घरात!

म्हणून डेटा जागेवरच ठेवायचा, फक्त चित्र पाठवायचं. खोऱ्याचे तुकडे प्रोसेसरना वाटून द्यायचे. प्रत्येकानं आपल्या तुकड्याचं चित्र काढायचं आणि प्रत्येक बिंदूचं डोळ्यापासूनचं अंतरही द्यायचं. जोडताना जवळचा बिंदू ठेवला की डोंगरामागचं पाणी आपोआप झाकलं जातं. १०० किलोबाइटचं चित्र त्याच लाइनवर अर्ध्या सेकंदात येतं.

पथ्य एकच: गणित करताना शेजारच्या तुकड्याची कडेची ओळ प्रत्येकाकडे हवी. नाहीतर कऱ्हाडच्या तुकड्यातलं पाणी सांगलीच्या तुकड्यात पोचतच नाही.

सी-डॅकनं १९९१ मध्ये पुण्यात ‘परम ८०००’ बांधला, तोही समांतरच. आपल्याला सुरुवातीला होस्टेलवरचे चार पीसी पुरे. लॅनने जोडा आणि करून बघा!