बहुमताचे राज्य आणि अल्पसंख्यांचे हक्क : समलिंगी समानतेच्या प्रश्नाचा घटनात्मक अभ्यास

१८ डिसेंबर २०१५ रोजी लोकसभेत शशी थरूर यांनी एक खासगी विधेयक मांडण्याची परवानगी मागितली. प्रौढ व्यक्तींमधील संमतीने होणारे समलिंगी संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून वगळावेत, असा त्याचा आशय होता. परवानगीच्या बाजूने २४ आणि विरोधात ७१ मते पडली. विधेयक मांडलेच गेले नाही, त्यामुळे त्यावर चर्चाही झाली नाही. त्यानंतर तीन वर्षांच्या आत, ६ सप्टेंबर २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने हाच बदल एकमताने घडवून आणला. लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने जे नाकारले, ते न निवडलेल्या न्यायमूर्तींनी दिले. यांपैकी लोकशाहीला धरून काय होते? राज्यघटनेच्या अभ्यासकाला या प्रश्नाचे उत्तर बहुमताच्या स्वरूपापासून शोधावे लागते.

बहुमताचा अधिकार कोठून येतो?

लोकशाहीत बहुमताचा निर्णय पराभूत पक्षही मान्य करतो. त्याचे एक महत्त्वाचे कारण असे की राजकीय बहुमत कायमचे नसते. आज अल्पमतात असलेला पक्ष मतदारांचे मन वळवून उद्या सत्तेवर येऊ शकतो. परंतु जन्माने वा स्वभावाने ठरणाऱ्या समूहांना हे लागू पडत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी राजकीय बहुमत आणि सामाजिक बहुमत यांत भेद केला होता. पहिले बनते आणि मोडते. दुसरे जन्मतःच ठरलेले असते. जो समूह कधीच बहुसंख्य होऊ शकत नाही, त्याला केवळ मतपेटीचे संरक्षण अपुरे पडते. म्हणूनच घटनेच्या तिसऱ्या भागातील मूलभूत हक्क साध्या बहुमताच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. अनुच्छेद १३ नुसार त्यांच्याशी विसंगत कायदा विसंगतीच्या मर्यादेपर्यंत शून्यवत ठरतो, तर अनुच्छेद ३२ नागरिकाला थेट सर्वोच्च न्यायालयाकडे जाण्याचा हक्क देतो.

येथे एक भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. अनुच्छेद ३० मधील ‘अल्पसंख्याक’ हा शब्द धर्म व भाषा यांवर आधारित समूहांसाठी आहे. समलिंगी व्यक्तींना त्या अनुच्छेदाचा आधार नाही. त्यांचा दावा समानता (अनुच्छेद १४), भेदभावास मनाई (अनुच्छेद १५), अभिव्यक्तिस्वातंत्र्य (अनुच्छेद १९) आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य (अनुच्छेद २१) यांवर, म्हणजे प्रत्येक नागरिकाच्या हक्कांवर उभा आहे. त्यांना विशेष हक्क हवे आहेत, हा आक्षेप या ठिकाणी टिकत नाही.

अल्पसंख्येचा विचार न्यायालयाने यापूर्वीही केला होता. १९८६ च्या बिजो इमॅन्युएल खटल्यात केरळमधील तीन मुलांना राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहूनही ते न गायिल्याबद्दल शाळेतून काढण्यात आले होते. ती मुले ‘जेहोवाज विटनेसेस’ या अतिशय लहान पंथाची होती. अगदी नगण्य अल्पसंख्येलाही घटनेच्या छत्राखाली स्वतःची ओळख जपता येणे ही खऱ्या लोकशाहीची कसोटी आहे, असे मत नोंदवून न्यायालयाने मुलांच्या बाजूने निर्णय दिला.

कलम ३७७ : वसाहतकाळाचा वारसा

१८६० ची भारतीय दंड संहिता १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिचा मूळ मसुदा मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने तयार केला होता. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंधास कलम ३७७ अन्वये जन्मठेपेची किंवा दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची आणि दंडाची तरतूद होती. संमती आहे की नाही, याचा विचार त्यात नव्हता. हा कायदा करताना कोणत्याही भारतीय मतदाराचे मत घेतले गेले नव्हते. ज्या तरतुदीच्या बचावासाठी पुढे बहुसंख्यांच्या भावनांचा आधार घेतला गेला, तिचा उगम परकीय सत्तेत होता, हे या इतिहासाचे वैशिष्ट्य आहे. खटले तुलनेने कमी झाले, परंतु पोलिसांची धमकी, खंडणी आणि सामाजिक कलंक यांना या कलमाने कायद्याचे बळ दिले. एचआयव्ही प्रतिबंधाच्या कार्यातही त्याचा अडथळा होत असे. याच अनुभवातून नाझ फाउंडेशन या संस्थेने २००१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका दाखल केली.

घटनात्मक नैतिकतेची कसोटी

२ जुलै २००९ रोजी मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांच्या खंडपीठाने प्रौढांच्या संमतीने खासगीत होणाऱ्या संबंधांपुरते कलम ३७७ घटनाबाह्य ठरवले. अनुच्छेद १५ मधील ‘लिंग’ या शब्दात लैंगिक कलाचाही समावेश होतो, असा अर्थ या निकालात लावण्यात आला. सार्वजनिक नैतिकतेच्या नावाखाली मूलभूत हक्कांवर बंधन घालता येईल काय, या प्रश्नावर न्यायालयाने घटनात्मक नैतिकतेचा आधार घेतला.

ही संकल्पना डॉ. आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ग्रीसचे इतिहासकार जॉर्ज ग्रोट यांच्या आधारे मांडली होती. घटनात्मक नैतिकता ही स्वाभाविक भावना नसून ती जोपासावी लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रचलित लोकमताच्या विरोधात जाणाऱ्या विचाराच्या पाठीशी ते प्रत्यक्षातही उभे राहिले होते. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर लैंगिक विषयांवरील प्रश्नोत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये कर्वे यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी न्यायालयात मांडली होती.

संख्येचा युक्तिवाद आणि त्याचे खंडन

सुरेश कुमार कौशल खटल्यात ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द केला. समलिंगी व्यक्ती लोकसंख्येचा अत्यल्प भाग आहेत आणि दीडशेहून अधिक वर्षांत या कलमाखालील नोंदलेले खटले दोनशेहून कमी आहेत, हे त्यामागील एक कारण होते. कायदा बदलण्याचा विषय संसदेवर सोपवण्यात आला.

या निकालाची एक बाजू गांभीर्याने घेण्यासारखी आहे. संसदेने केलेला किंवा कायम ठेवलेला कायदा घटनेशी सुसंगत आहे, असे गृहीत धरूनच न्यायालयाने विचार सुरू करावा, हे तत्त्व मान्यताप्राप्त आहे. परंतु संख्येचा युक्तिवाद मूलभूत हक्कांच्या हेतूशीच विसंगत होता. हक्क भंग झालेल्यांची संख्या कमी आहे म्हणून संरक्षण नाकारायचे, तर ज्यांना संरक्षणाची सर्वाधिक गरज आहे तेच त्यापासून वंचित राहतात.

पुढील निकालांनी ही दिशा बदलली. १५ एप्रिल २०१४ रोजी ‘नालसा’ खटल्यात तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य झाला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ सदस्यीय घटनापीठाने खासगीपणा मूलभूत हक्क असल्याचे जाहीर केले. लैंगिक कल हा खासगीपणाचा आवश्यक घटक असून हक्काची कसोटी लोकमान्यतेवर ठरत नाही, असे प्रमुख निकालपत्रात नमूद झाले. त्यापुढील पायरी म्हणजे २०१८ चा नवतेजसिंग जोहर निकाल. केंद्र सरकारने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांचा प्रश्न न्यायालयाच्या विवेकावर सोपवला होता. मूलभूत हक्क निवडणुकांच्या निकालांवर अवलंबून नसतात, हा न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या निकालपत्रातील विचार या संपूर्ण वादाचे सार सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३७७ ला समांतर तरतूद नाही. मात्र पुरुष व तृतीयपंथी व्यक्तींवरील असंमत लैंगिक अत्याचारांना त्या कलमाने मिळणारे संरक्षणही त्यासोबत गेले, ही उणीव अभ्यासकांनी दाखवून दिली आहे.

न्यायालयाची मर्यादा

शिक्षा रद्द झाली म्हणजे समानता पूर्ण झाली, असे नव्हे. विवाह, दत्तक, वारसा, विमा यांचे प्रश्न शिल्लक राहिले. सुप्रियो खटल्यात १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींनी विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात समलिंगी विवाहाचा समावेश न्यायालय करू शकत नाही, यावर एकमत दर्शवले. विवाहाव्यतिरिक्त नागरी सहजीवनाला मान्यता आणि संयुक्त दत्तकाचा हक्क मात्र ३ विरुद्ध २ अशा मतांनी नाकारण्यात आला. अशा जोडप्यांच्या अडचणी तपासण्यासाठी कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे आश्वासन सरकारने दिले होते. त्याची नोंद न्यायालयाने घेतली. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विलोकन याचिकाही फेटाळण्यात आल्या.

२०१८ आणि २०२३ चे निकाल एकत्र वाचले असता एक सीमारेषा दिसते. राज्याने केलेला हस्तक्षेप दूर करणे हे न्यायालयाचे काम आहे. नवी कायदेशीर संस्था उभारणे, तिच्यासाठी अनेक कायद्यांत सुसंगत बदल करणे हे प्रामुख्याने कायदेमंडळाचे काम आहे. परंतु उपलब्ध संस्थेतून एखाद्या समूहाला वगळणे हाच भेदभाव नव्हे काय, हा प्रतिप्रश्नही तितकाच सबळ आहे. या मुद्द्यावर विवेकी माणसांत मतभेद आहेत.

इतर देशांचा अनुभव

इतर लोकशाही देशांनी वेगवेगळे मार्ग चोखाळले. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १९९२ मध्ये मतदारांनीच समलिंगी व्यक्तींना भेदभावापासून मिळणारे संरक्षण रद्द केले. १९९६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती घटनादुरुस्ती अवैध ठरवली. दक्षिण आफ्रिकेत २००५ मध्ये घटनात्मक न्यायालयाने कायदा बदलण्यासाठी संसदेला एक वर्षाची मुदत दिली आणि २००६ मध्ये संसदेने तो केला. आयर्लंडमध्ये मे २०१५ च्या सार्वमतात सुमारे ६२ टक्के मतदारांनी समलिंगी विवाहाच्या बाजूने कौल दिला. तैवानमध्ये २०१८ च्या सार्वमतात कौल विरोधात गेला, तरी २०१७ चा न्यायालयीन निर्णय बंधनकारक असल्याने संसदेने २०१९ मध्ये स्वतंत्र कायदा केला. बहुमत अल्पसंख्यांचे हक्क देऊही शकते आणि काढूनही घेऊ शकते, हेच या उदाहरणांतून स्पष्ट होते.

समारोप

बहुमत आणि हक्क हे परस्परांचे शत्रू नव्हेत. किती कर असावा, कोणते धरण बांधावे, हे बहुमताने ठरावे. कोण नागरिक म्हणून समान आहे, हे बहुमताने ठरू नये. तथापि न्यायालयाने मान्य केलेला हक्क शाळा, कार्यालय, रुग्णालय आणि घर येथे प्रत्यक्षात यायचा असेल, तर समाजाची संमतीही मिळवावी लागते. ती मिळवण्याच्या काळात संबंधित व्यक्तींना गुन्हेगार म्हणून जगावे लागू नये, एवढी हमी घटनेने दिली आहे. पुढील वाटचाल कायदेमंडळाच्या आणि नागरिकांच्या विवेकावर अवलंबून आहे. डॉ. आंबेडकरांना अभिप्रेत असलेली घटनात्मक नैतिकता न्यायालयाच्या निकालपत्रापुरती न राहता सभागृहातील मतदानातही दिसू लागेल, तेव्हा २०१५ आणि २०१८ मधील हे अंतर मिटेल.