कंबर दुखते म्हणून टॉपर?

“डॉक्टर, गादीवर मेमरी फोमचा टॉपर घालू का?” कंबर धरून येणारे बरेच जण हल्ली हे विचारतात. मी उलट विचारतो: दुखतं नेमकं कुठे आणि केव्हा?

कुशीवर झोपणाऱ्यांचा खांदा आणि खुबा टणक गादीवर रात्रभर दाबला जातो. सकाळी त्याच जागा ठणकत असतील आणि गादी धड, सपाट, फक्त कडक असेल, तर दोन-तीन इंचांचा टॉपर कामाचा. अंगाच्या उबेने हा फोम मऊ होतो आणि भार पसरवतो. ‘नासा’च्या नावाला मात्र भुलू नका. १९६६च्या सुमारास हा फोम त्यांच्या कामातून निघाला हे खरं, पण तो विमानातल्या आसनांसाठी होता, कंबरदुखीसाठी नव्हे.

गादीला मधोमध खळगा पडला असेल तर टॉपरही त्याच खळग्यात बसणार. चादर काढून गादीवर आडवी सरळ काठी ठेवा. खाली इंच-दीड इंच फट दिसली तर गादी बदला किंवा कापसाची असेल तर पिंजून घ्या.

“फळीवर झोपा” हा जुना सल्लाही सरसकट पाळू नका. २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्पेनमधला एक अभ्यास आला होता. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांपैकी काहींना कडक, काहींना मध्यम कडक गादी दिली. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं होतं. अभ्यास गाद्यांचा होता, टॉपरचा नाही, एवढं लक्षात असू द्या.

म्हणून आधी फुकटचा प्रयोग करा. आठवडाभर गादीवर दोन जाड गोधड्या घालून झोपा. आराम पडला तर मऊपणाची गरज आहे असं समजा. काहीच फरक नसेल तर दुखण्याचं मूळ बहुधा गादीत नाही. चाळिशीच्या आतल्या माणसाची कंबर रोज सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडत असेल आणि हालचालीने मोकळी होत असेल, तर तो मणक्याच्या सांध्यांचा दाह असू शकतो, तपासणी हवी. पायातली ताकद कमी झाली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

एक वर्षाखालच्या बाळाला या फोमवर झोपवायचं नाही; तोंड रुतून श्वास कोंडू शकतो. पार्किन्सनच्या रुग्णांना रुतलेल्या अंगाने कूस बदलणं अवघड जातं. अंथरुणाला खिळलेल्यांना नुसत्या टॉपरवर ठेवून भागत नाही. जखमा टाळायला त्यांची कूस वेळच्या वेळी बदलावीच लागते.

राहिली उष्णता. हा फोम ऊब धरून ठेवतो. नागपूरच्या मे महिन्यात पंख्याखाली त्यावर झोपणं नकोसं होईल. शिवाय आपल्या सवयीप्रमाणे तो कडक उन्हात वाळत घालता येत नाही, उन्हाने खराब होतो. सावलीत, वाऱ्यावर ठेवावा.

गोधडीने आराम पडला असेल तरच टॉपर घ्या, आणि उघडून, वापरून न जमल्यास परत घेणार का, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या.