क्रियापद कोणाचे ऐकते?

यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटीची बोंडे फुटू लागतात, आणि मग पुढे कित्येक दिवस घरोघर वेचणीवाचून दुसरा विषय नसतो. केळापूर तालुक्यातील एका खेड्याच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला गुरुजींनी फळ्यावर जे वाक्य लिहिले, तेही साहजिकच कापसाचे होते. ‘मुलगा कापूस वेचतो’ एवढेच ते वाक्य. त्याचे इंग्रजी करावयाचे होते.

एकाने लिहिले, ‘द बॉय पिक कॉटन’. गुरुजींनी क्रियापदाच्या शेवटी ‘स्’ जोडून ते ‘द बॉय पिक्स कॉटन’ असे केले. साध्या वर्तमानकाळात कर्ता तृतीयपुरुषी व एकवचनी असला, म्हणजे इंग्रजी क्रियापदाला हा ‘स्’ लागतो, असे त्यांनी सांगितले. पुढचे वाक्य होते, ‘मुलगे कापूस वेचतात’. या वेळी एका चुणचुणीत मुलाने मोठ्या विश्वासाने लिहिले, ‘द बॉईज पिक्स कॉटन’. तेही चुकले, आणि तो हिरमुसला.

वास्तविक त्याचा विचार अगदी सरळ होता. नामाला ‘स्’ लावला की अनेकवचन होते, हे त्याला ठाऊक होते. मराठीत कर्ता अनेकवचनी झाला की क्रियापदालाही अनेकवचनी व्हावे लागते; ‘मुलगे’ म्हटल्यावर ‘वेचतो’ म्हणून चालत नाही. म्हणून त्याने दोघांनाही एकेक ‘स्’ वाटून दिला! परंतु इंग्रजीतील नामाचा ‘स्’ आणि क्रियापदाचा ‘स्’ हे दिसण्यात जुळे भाऊ असले, तरी त्यांची कामे परस्परांच्या उलट आहेत. नामाचा ‘स्’ पुष्कळांची खूण सांगतो, तर क्रियापदाचा ‘स्’ एकाची.

यानंतर भूतकाळाची पाळी आली. आधी कोणीतरी एक मराठी वाक्य सांगावे, असे गुरुजी म्हणाले. मागच्या ओळीत कोलामांच्या पोडावरून येणारी एक मुलगी बसत असे. ती सहसा बोलत नसे; पण त्या दिवशी ती उठली आणि म्हणाली, “बैल सुटली आणि वावरात शिरली.”

सारा वर्ग हसला. मुलगी खाली बसली, आणि तिने पाटीवर डोळे खिळवले.

गुरुजी हसले नाहीत. हसणाऱ्यांपैकी एकाला त्यांनी उभे केले व वाक्यात काय चुकले ते विचारले. “बैल पुल्लिंगी आहे, गुरुजी. ‘सुटला’ पाहिजे,” असे त्याने सांगितले. उत्तर बरोबर होते. मग गुरुजी त्या मुलीकडे वळून म्हणाले, “बाळ, तुमच्या घरच्या बोलीत बाप आला, माय आली, बैल आला, हे कसे सांगतात? क्रियापद तिन्ही वेळा निराळे असते का?”

मुलीने थोडा वेळ विचार केला. मग ती हळूच म्हणाली, “नाही. बापाचे निराळे. मायचे आणि बैलाचे एकच.”

तिचे म्हणणे खरे होते. कोलामी ही गोंडी व तेलुगू यांच्याच, म्हणजे द्राविड कुळातील भाषा आहे. तिच्यात एकवचनी नामांचे दोनच गट पडतात. पुरुष एका गटात. स्त्री, पशू आणि निर्जीव वस्तू दुसऱ्या गटात. क्रियापदाचे रूप या गटांना धरून बदलते. पैनगंगेपलीकडे बोलल्या जाणाऱ्या तेलुगूतही एकवचनात असाच प्रकार आढळतो. बैल हा मनुष्य नव्हे. तेव्हा कोलामीच्या नियमाने तो मायच्या गटात जातो, आणि मायसाठी मराठी म्हणते ‘सुटली’. मुलीने ‘बैल सुटली’ म्हटले, ते या हिशेबाने. तिला नियम ठाऊक नव्हता असे नाही. तिने एका भाषेचा नियम दुसऱ्या भाषेत पाळला. ‘बॉईज पिक्स’ लिहिणाऱ्या मुलानेही नेमके तेच केले होते, हे आता त्याच्या स्वतःच्याच ध्यानात आले व त्याचे कान लाल झाले.

बाईला बैलाबरोबर बसवतात म्हणून एकाला पुन्हा हसू फुटले. गुरुजींनी त्याला विचारले, “आणि मराठीत ‘मूल’ कोणत्या लिंगाचे?” तो म्हणाला, “नपुंसकलिंगी.” “आणि दगड?” “पुल्लिंगी.” म्हणजे घरातले रांगते मूल झाडाच्या आणि घराच्या पंक्तीला, आणि रस्त्यावरचा दगड बापाच्या पंक्तीला! व्याकरणाच्या या गटांत मान-अपमान शोधू गेल्यास कोणतीच भाषा सुटावयाची नाही.

या कोलामी भाषेचे व्याकरण ग्रंथरूपाने लिहिले गेले आहे. सेतुमाधवराव पगडी यांनी तिचा अभ्यास करून व्याकरण लिहिले, आणि अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे भाषाशास्त्रज्ञ मरे एमिनो यांचा कोलामीवरील ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला. मराठीकडे व्याकरणकारांची दृष्टी याच्या पुष्कळ आधी वळली होती. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण १८३६ साली छापले गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. मोरो केशव दामले यांचे विस्तृत ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली बाहेर पडले. क्रियापद वाक्यातील कोणत्या शब्दाच्या तंत्राने चालते, हा प्रश्न या साऱ्यांपुढे होता. मराठीत या संबंधाला ‘प्रयोग’ असे म्हणतात.

मराठीचे क्रियापद मोठे लहरी वाटते, पण त्याच्या लहरीतही शिस्त आहे. ‘बैल सुटला, गाय सुटली, वासरू सुटले’ येथे ‘सुटणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. त्याला कर्म नाही. म्हणून ते कर्त्याचे ऐकते. हा कर्तरी प्रयोग. ‘वेचणे’ मात्र सकर्मक आहे. वर्तमानकाळात तेही कर्त्याचेच ऐकते. मुलगा वेचतो, मुलगी वेचते. परंतु भूतकाळ आला की ते कर्त्याकडे पाठ फिरवते. ‘मुलाने कापूस वेचला’ आणि ‘मुलीने कापूस वेचला’ यांत वेचणारा बदलला, तरी क्रियापद तेच राहिले. उलट ‘मुलाने बोंडे वेचली’ असे म्हणताच ते बदलले, कारण कर्म बदलले. हा कर्मणी प्रयोग. आणि ‘मुलीने बैलांना हाकलले’ या वाक्यात क्रियापद मुलीचेही ऐकत नाही आणि बैलांचेही नाही. ‘मुलांनी गाईला हाकलले’ असे म्हटले, तरी ते जागचे हलत नाही. हा भावे प्रयोग होय. शिवाय काही क्रियापदे सकर्मक असूनही भूतकाळात कर्त्याला सोडत नाहीत. ‘मुलगी धडा शिकली’, ‘मुलगा पाटी विसरला’ ही रूपे मराठी मूल आईच्या मांडीवर शिकते. ज्याची आई दुसरी भाषा बोलते, त्याला ती एकेक करून जमवावी लागतात.

या मानाने इंग्रजीचा भूतकाळ किती सोपा! ‘पिक्ड’ हे एकच रूप मुलाला चालते, मुलीला चालते, एकाला आणि शंभरांनाही चालते. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत असे नव्हते. तेव्हा तिच्यातही नामांना मराठीप्रमाणे तीन लिंगे होती, आणि क्रियापदांना पुरुष व वचन यांनुसार निरनिराळे प्रत्यय लागत. बोलता बोलता ते झिजले. साध्या क्रियापदाला वर्तमानकाळी तो एक ‘स्’ तेवढा उरला आहे. म्हणूनच तो विसरणे सोपे. ‘असणे’ या अर्थाच्या क्रियापदाने मात्र आपला जुना संसार अजून सांभाळला आहे. ‘मी’साठी ‘अॅम’, ‘तो’साठी ‘इज’, अनेकांसाठी ‘आर’, आणि भूतकाळात ‘वॉज’ व ‘वेअर’ अशी त्याची रूपे आहेत.

येथे एकाने शंका काढली. “गुरुजी, ‘यू’ म्हणजे तू. तू तर एकच. मग त्याला ‘आर’ का?” गुरुजी म्हणाले, “मी वर्गात येतो, तेव्हा तुम्ही ‘गुरुजी आला’ म्हणता का?” वर्ग एकदम म्हणाला, “गुरुजी आले!” इंग्रजीतही पूर्वी एकासाठी ‘दाऊ’ व अनेकांसाठी ‘यू’ हे शब्द होते. मोठ्या माणसाला मानाने ‘यू’ म्हणण्याची रीत पडली. पुढे ती इतकी वाढली, की ‘दाऊ’ रोजच्या बोलण्यातून नाहीसा झाला. आता लहानथोर सारेच ‘यू’ आहेत, आणि अनेकवचनी क्रियापद तेवढे जुन्या मानाची आठवण म्हणून मागे राहिले आहे.

वाक्य विधानार्थी असो वा आज्ञार्थी, इंग्रजीत फारशी अडचण पडत नाही. आज्ञेत क्रियापद आपले मूळ रूप घेऊन येते. मराठीतील ‘वेच’ आणि ‘वेचा’ हा भेदही तेथे नाही. अडते ते प्रश्नार्थी वाक्यात. मराठीत ‘मुलगा कापूस वेचतो’ याच्या शेवटी ‘का’ जोडला की प्रश्न झाला. इंग्रजीत ‘डू’ या सहायक क्रियापदाला वाक्याच्या आरंभी आणून बसवावे लागते. मग कर्त्याचे ऐकण्याचे काम तो साहाय्यक पत्करतो. मुख्य क्रियापद त्यातून मोकळे होते.

गुरुजींनी हे सांगितले आणि खडू पुढे करून त्या मागच्या ओळीतील मुलीला बोलावले. तिने फळ्यावरील ‘द बॉय पिक्स कॉटन’ हे वाक्य एकदा वाचले. मग क्रियापदाचा ‘स्’ बोटाने पुसला, आरंभी ‘डज’ लिहिले आणि शेवटी प्रश्नचिन्ह दिले. ‘डज द बॉय पिक कॉटन?’

ती जागेवर जावयास वळली, आणि मध्येच थांबली. “गुरुजी,” ती म्हणाली, “मराठीत ‘तू बोंडे वेचलीस’ म्हणतात. त्यात ‘वेचली’ हे बोंडांमुळे. मग तो शेवटचा ‘स’ कोणाचा?”

मघाशी हसलेला मुलगा म्हणाला, “तो ‘तू’चा! ‘तू आलास’ यात असतो ना, तोच.”

“म्हणजे क्रियापद दोघांचे ऐकते?” मुलीने विचारले.

व्याकरणकारांनी या रचनेला ‘कर्तृकर्मसंकर प्रयोग’ असे नाव दिले आहे. गुरुजी ते फळ्यावर लिहू लागले. तोवर वर्गात ‘तू कापूस वेचलास, तू बोंड वेचलेस, तू गाणी म्हटलीस’ अशा वाक्यांचा एकच गलका झाला, आणि घंटा झाली तरी तो थांबला नाही.