अमेरिकेंतील भौतिकोपचार-साहाय्यकाचें शिक्षण

हाड जुळलें म्हणजे रोगी बरा झाला, असें आपण सहज म्हणतों. परंतु मांडीचें हाड जुळल्यावरही मनुष्य पहिल्याच दिवशीं जिना चढूं लागत नाहीं. त्यास बसावयास, उठावयास, पाऊल टाकावयास कोणी तरी पुन्हां शिकवावें लागतें. आपल्याकडे हें काम करणारास फिजिओथेरपिस्ट म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत त्यास फिजिकल थेरपिस्ट म्हणतात व त्याच्या हाताखालीं काम करणारा साहाय्यकवर्ग निराळें शिक्षण देऊन तयार केला जातो. हें शिक्षण आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं समजून घेण्याजोगें आहे. कारण त्यांत हाताच्या कौशल्याइतकेंच महत्त्व आपली मर्यादा ओळखण्यास दिलेलें आहे.

१९६५ सालीं तेथें वृद्धांच्या वैद्यकीय खर्चाची तरतूद करणारा मेडिकेअरचा कायदा झाला. उपचार मागणाऱ्यांची संख्या वाढली व शिकलेले थेरपिस्ट अपुरे पडूं लागले. तेव्हां १९६७ सालीं मायामी व मिनिआपोलिस येथील दोन कनिष्ठ महाविद्यालयांनीं साहाय्यकांचे वर्ग उघडले. १९६९ सालीं पहिले १५ साहाय्यक बाहेर पडले. आज हा शिक्षणक्रम सुमारें दोन वर्षांचा असून त्यांतील साधारण १६ आठवडे रुग्णालयांत व उपचारगृहांत प्रत्यक्ष कामांत जातात.

आरंभीं अस्थि, स्नायु व मज्जातंतु यांचा अभ्यास होतो. त्याविषयीं विशेष सांगणें नको. खरी शाळा पुढें आहे. सोबत्यासच रोगी समजून सांध्याचें वळण कोनमापकानें मोजणें, चाकांच्या खुर्चींतून त्यास पलंगावर घेणें, काठी देऊन चालविणें, हें सर्व शिक्षकासमोर करून दाखवावें लागतें. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातांत धरावयाची. जिना चढतांना निरोगी पाय आधीं टाकावयाचा, उतरतांना दुखरा. असें कां, हेंही सांगतां आलें पाहिजे. चढतांना शरीराचा भार वर उचलावयाचा असतो, उतरतांना तोच भार सांवरून धरावयाचा असतो, आणि दोन्ही वेळां तें काम निरोगी पायाकडे राहतें. बाकी सर्व उत्तम करून खुर्चीचा ब्रेक लावण्यास जो विसरला, तो विद्यार्थी अनेक शाळांत त्या परीक्षेंत नापास होतो. पालकांस हें कठोर वाटेल. आम्हांस तें योग्यच वाटतें, कारण घसरलेल्या खुर्चीमुळें नुकतेंच जुळलेलें हाड पुन्हां मोडूं शकतें.

आतां मर्यादेकडे वळूं. रुग्णाची प्रथम तपासणी, निदान व उपचाराची योजना हीं तिन्ही कामें थेरपिस्टचीं. साहाय्यक त्या योजनेच्या आंत राहून उपचार करतो. रुग्ण थकला तर व्यायामाच्या खेपा तो कमी करूं शकतो; पण ज्या पायावर अर्धाच भार द्यावयाचा ठरला आहे, त्यावर पूर्ण भार देण्यास तो आपण होऊन सांगूं शकत नाहीं. समजा, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली एक बाई आहे. आज तिला पन्नास पावलें चालवावें, असें योजनेंत लिहिलें आहे. पोटरी दुखते असें ती म्हणते. हात लावून पाहावें तों पोटरी सुजलेली व ऊन लागते. येथें पन्नास पावलें पुरीं करून घेणारा आज्ञाधारक विद्यार्थी चुकला. शिरेंत रक्ताची गांठ झाली असण्याचा संभव आहे, आणि ती सुटून फुप्फुसांत गेली तर प्राणावर बेततें. साहाय्यकानें तेथेंच थांबावें व थेरपिस्टास तत्काळ कळवावें. गांठ आहे कीं नाहीं हें ठरविणें त्याच्याकडे नाहीं; लक्षण ओळखून वेळेवर सांगणें मात्र त्याच्याकडेच आहे.

शिक्षणक्रम पुरा झाला म्हणून लगेच काम करतां येत नाहीं. सर्व राज्यांसाठीं एकच राष्ट्रीय परीक्षा आहे. तींत २०० ते ८०० या मापावर ६०० गुण मिळवावे लागतात. बारा महिन्यांत तीन वेळां व सगळ्या आयुष्यांत सहा वेळांच बसतां येतें. प्रश्नांस पर्याय दिलेले असतात, म्हणून ती सोपी असेल असें समजूं नये. वर सांगितलेल्या बाईसारखी हकीकत देऊन ‘प्रथम काय करावें’ असें विचारतात, आणि पर्यायांपैकीं दोन तरी खरे भासतात. पाठांतराची संवय येथें फारशी उपयोगीं पडत नाहीं. आमच्याकडील मुलांस बहुधा हेंच जड जाईल. म्हणून चांगला शिक्षक बरोबर उत्तर मिळालें तरी थांबत नाहीं. उरलेले पर्याय कां टाकले, हेंही तो विचारतो.

मग राज्याचा परवाना. कांहीं राज्यांत तेथील कायद्याची निराळी परीक्षा द्यावी लागते. परवाना ठराविक मुदतीचा असतो, व बहुतेक राज्यांत तो नवा करून घेतांना पुढील शिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. कामावर रुजू झाल्यावर साहाय्यकानें रुग्णास आपलें नांव सांगतांनाच आपण साहाय्यक आहों हेंही सांगावयाचें असतें. प्रत्येक वेळीं दिलेला उपचार, रुग्णाचें म्हणणें व दिसून आलेला फरक तो लिहून ठेवतो. योजनेंत बदल करावयाचा कीं नाहीं हें ठरवितांना थेरपिस्ट तें टिपण पाहतो.